शेपटीच्या पुढची जागा

प्रिय खारूताई,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे, गुडघा आपल्या जागी आहे आणि मी शिडीवरून पडलेलो नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू 'बाबा, मुद्द्यावर या' म्हणतेस आणि मग मुद्दा माझ्या हातातून निसटतोच. शिवाय एका व्यक्तीने मला बजावलंय की हे पत्रानेच कळवायचं. ती व्यक्ती कोण, ते पुढे येईलच. तू फक्त एक कर. अर्ध्यात थांबून मला फोन करू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग हवं तेवढं ओरड.

तू ओरडणार हे मी धरूनच चाललोय, कारण मी तुला एक शब्द दिला होता. दाराची गोष्ट आठवतेय ना? विसरशील कशी. कामाच्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला तुझी आई ब्रश पुसायची. काम संपलं की दोनचार फटकारे दारावर, मग ब्रश टर्पेंटाइनमध्ये. तीस-बत्तीस वर्षांचे रंग एकावर एक बसले होते तिथे. ती गेली त्या महिन्यात माझ्या हातांना काहीतरी करायला हवं होतं. मी सगळी खोली रंगवून काढली, आणि त्या भरात ते दारही. करड्या रंगाचे दोन हात, एकदम साफ. तू आलीस, दाराकडे बघितलंस आणि उंबऱ्यावरच बसलीस. नंतर दोन महिने माझ्याशी बोलली नाहीस. आणि बोललीस तेव्हा पहिलं वाक्य होतं की आईच्या हाताचं आता काहीही पुसायचं नाही. मी हो म्हणालो. चार वर्षं तो शब्द पाळला. तिची चहाची बशी टवका उडालेली आहे तरी फळीवर आहे, तिचा एप्रन खुंटीवर आहे, तिचा एक नंबरचा, सगळ्यात बारीक ब्रश तू तेल लावून ज्या डब्यात ठेवलास त्याच डब्यात आहे.

तर खारूताई, गेल्या सहा महिन्यांत मी आपल्या गल्लीतल्या तेवीस पाट्यांवर ब्रश चालवलाय. बस खाली. पाणी पी. आणि पुढे वाच.

आधी जुनी गोष्ट सांगतो, कारण ती तू कधी धड ऐकलेली नाहीस. आमचं लग्न होऊन महिना झाला होता. पहिलं मोठं काम मिळालं ते कोपऱ्यावरच्या केस कापणाऱ्याचं. त्याने एका कागदावर इंग्रजीत 'बार्बर्स' असं लिहून दिलं होतं. मला इंग्रजी तेव्हाही येत नव्हतं आणि नंतरही आलं नाही. माझ्यासाठी ती चित्रं. कुणी हत्ती काढतो, मी 'बी' काढायचो. सगळी अक्षरं सुरेख जमली, मी खाली उतरलो, हात पुसले, आणि तुझी आई खालून म्हणाली की अहो, याची शेपटी राहिली. कागदावर शेवटच्या 'एस'च्या आधी, वरच्या अंगाला, स्वल्पविरामासारखं काहीतरी होतं. मला वाटलं होतं की त्या माणसाचं पेन गळलं असेल. मी कंटाळलो होतो, पुन्हा कोण चढणार म्हणून तसाच बसून राहिलो. तिने पदर खोचला, एक नंबरचा ब्रश घेतला, चढली आणि एका फटकाऱ्यात शेपटी काढून खाली आली. काय सुंदर काढली होती म्हणून सांगू! वरती गोल, टपोरी, आणि खाली येता येता अशी वळून बारीक होत गेलेली. तो माणूस खूश, बघायला आलेले शेजारी खूश. पुढच्या आठवड्यात तीन कामं आली.

तेव्हापासून आमची रीतच पडली. अक्षरं माझी, शेपटी तिची. पाटी इंग्रजी असली आणि शब्दाच्या शेवटी 'एस' आला की मी तेवढी जागा सोडून खाली उतरायचो आणि ती चढायची. शेपटी लागल्याशिवाय पाटी पुरी झाली असं आम्हाला वाटायचंच नाही. गिऱ्हाइकांच्या कागदावर ती असो वा नसो, आम्ही देणारच. कुणी कधी तक्रार केली नाही. उलट चष्मेवाल्याने एकदा विचारलं होतं की बाकीच्यांना शेपटी आहे, मला का नाही? त्याच्या पाटीवर आम्ही विसरलो होतो. दुसऱ्याच दिवशी जाऊन लावून आलो. पोटात तू असतानासुद्धा ती सातव्या महिन्यापर्यंत चढत होती, आणि मी खाली शिडी धरून देवाचं नाव घेत होतो. तू पाच वर्षांची झालीस आणि खारीसारखी सरसर चढायला लागलीस तेव्हा कुठे तिने तुला खाली उभं राहून शिडी धरायचं काम दिलं, ते तुला वर चढू द्यायचं नव्हतं म्हणूनच.

आता बाई. घड्याळवाल्याच्या वरची खोली दोन वर्षं रिकामी होती ना, तिथे गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षिका राहायला आल्या. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणते, मीही बाईच म्हणतो. लहानखुऱ्या आहेत, चालतात भराभर, आणि बोलताना समोरच्याने मधे बोललेलं खपत नाही. शाळा सुटली पण लाल पेन्सिल सुटली नाही. आल्यानंतर चार महिने त्यांनी कसाबसा दम धरला. मग एका सकाळी वही घेऊन माझ्या दारात. नमस्कार वगैरे झाल्यावर म्हणाल्या, पेंटर, या गल्लीतल्या एकतीस इंग्रजी पाट्यांपैकी बावीस पाट्यांवर अपॉस्ट्रॉफी चुकीची आहे, आणि सगळ्या पाट्या तुमच्या हातच्या आहेत असं कळलं. मी म्हणालो, काय चुकीचं आहे? त्यांनी वहीत काढून दाखवलं. आपली शेपटी!

खारूताई, माझं डोकंच फिरलं. तू मला कधी असा आवाज चढवलेला ऐकला नसशील. मी म्हणालो की एकाही शेपटीला कुणी हात लावायचा नाही, पाट्या माझ्या असतील पण शेपट्या माझ्या नाहीत, त्या माझ्या बायकोच्या हातच्या आहेत, ती आता नाही, आणि तुम्ही तुमची वही घेऊन निघा. समोरच्या किल्लीवाल्याची कानस थांबली. मला वाटलं या बाई आता मला शाळेतल्यासारखं कोपऱ्यात उभं करतील. पण त्यांनी वही मिटली आणि विचारलं, कोणत्या ब्रशने काढायच्या? मी म्हणालो, एक नंबरच्या. त्या म्हणाल्या, एका फटक्यात? मी म्हणालो, एका फटक्यात. त्या म्हणाल्या, तरीच. आणि गेल्या.

मग आठ दिवस बाईंचा पत्ता नाही. मी रोज वर बघायचो, खिडकी उघडी दिसायची. किल्लीवाल्याने मला ऐकवलं की एवढ्या वयाच्या बाईवर असं खेकसतात का. मलाही तेच खात होतं. माफी मागायची म्हणून नवव्या दिवशी शर्टाला इस्त्री केली, तोवर बाईच दारात. वही तीच, पण या वेळी लाल पेन्सिल नव्हती, निळी होती. म्हणाल्या, पेंटर, एकही शेपटी पुसायची नाही, मी दुसरा उपाय काढलाय, पण आधी तुम्ही दहा मिनिटं विद्यार्थी व्हा.

आणि त्यांनी मला पस्तीस वर्षांत कुणी न सांगितलेली गोष्ट सांगितली. आपल्याकडे चा, ची, चे असतं ना, तेच काम ही शेपटी करते. एका फुलाचं काही असेल तर शेपटी 'एस'च्या आधी. पुष्कळ फुलांचं काही असेल तर 'एस'च्या नंतर. आणि कुणाचं काही नसेल, नुसतीच पुष्कळ फुलं असतील, तर 'एस' एकटाच पुरे, शेपटीची गरज नाही. तुमच्या फुलवालीला लिहायचं होतं 'फुलं', आणि तुम्ही लिहिलंय 'फुलाचे'. बरं, फुलाचे काय? ते पाटीवर नाहीच. किल्लीवाल्याकडे 'किल्लीचे', चपलांच्या दुकानावर 'चपलेचे', घड्याळवाल्याकडे 'घड्याळाचे', चष्मेवाल्याकडे 'डोळ्याचे'. सगळी गल्ली अर्धं वाक्य बोलून गप्प बसली आहे, पेंटर! मी आधी ओशाळलो, मग मला हसू यायला लागलं, आणि बाईही हसायला लागल्या. पोट धरून हसलो आम्ही. कितीतरी दिवसांत मी तसा हसलो नव्हतो.

उपाय असा होता. शेपटी राहू द्यायची, आणि पुढे एक शब्द वाढवायचा. ज्याची शेपटी आहे त्याला काहीतरी मालकीचं द्यायचं. आठ दिवस बाई तेच करत बसल्या होत्या, बावीस दुकानांसाठी शब्द शोधत. किल्लीवाल्याची पाटी आता इंग्रजीत 'किल्लीची जुळी बहीण' अशी झाली आहे, कारण तो नकलेच्या किल्ल्याच करतो. घड्याळवाला झाला 'घड्याळाचा डॉक्टर'. चपलांचं दुकान झालं 'चपलेचं घर'. चष्मेवाला 'डोळ्याचा दोस्त'. फुलवालीला 'फुलाची सकाळ' मिळालं, आणि ती ते प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवते. बाई म्हणतात, इंग्रजी जरा लाडिक झालंय, पण चूक काढून दाखवा.

तू विचारशील की बाकीच्या नऊ पाट्यांचं काय. त्या बरोबर होत्या! पहिली, केस कापणाऱ्याची, बरोबर. इंग्रजीत तसं नुसतं म्हटलं तरी चालतं म्हणे, 'त्याच्याकडे' असा अर्थ होतो. शिंप्याचीही बरोबर निघाली. पण शिंपी रुसला. माझी पाटी बरोबर आहे हा काय माझा गुन्हा, सगळ्यांना नवीन शब्द आणि मला ठेंगा? त्याने इतकी भुणभुण लावली की बाईंनी त्यालाही एक शब्द दिला. आता त्याच्या पाटीचा अर्थ होतो 'शिंप्याचा शब्द', म्हणजे दिलेला शब्द, वायदा. तुला तर माहीतच आहे, त्याने सांगितलेल्या दिवशी कपडा मिळाला असं अजून झालेलं नाही. पाटी लागल्यापासून लोक बिचाऱ्याला पाटी दाखवून तगादा लावतात. परवा त्याने एक पँट चक्क एक दिवस आधी दिली. गिऱ्हाईक बेशुद्ध पडायचं बाकी होतं.

हे सगळं रंगवायला सहा महिने लागले. अंगात नसलेला उत्साह कुठून आला कोण जाणे. सकाळी सातला मी शिडी घेऊन बाहेर, आणि शिडी धरायला बाई. त्यांना उंचीची इतकी भीती की मी वर गेलो की त्या डोळे मिटतात, पण शिडी सोडत नाहीत आणि बोलणंही सोडत नाहीत. मी वर 'डब्ल्यू' काढतोय आणि खालून एकवचन-अनेकवचन चालू. मला उलटतपासणी करतात. माणूस एक असेल तर कुठे, माणसं पुष्कळ असतील तर कुठे? मी म्हणालो, पुष्कळ असतील तर 'एस'च्या नंतर. तर म्हणाल्या, चूक! काही शब्द 'एस' न लावताच पुष्कळ होतात, पुरुष, बायका, मुलं, त्यांना शेपटी 'एस'च्या आधीच. मी म्हणालो, हा अन्याय आहे. त्या म्हणाल्या, इंग्रजी आहे. गल्लीतली पोरं येता-जाता मला विचारतात आणि माझं उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजवतात. या वयात टाळ्या मिळवतोय तुझा बाप.

पण एक पाटी अडली. हे मला तुला नीट सांगायलाच हवं. गल्लीच्या वरच्या टोकाला बायकांचं पार्लर आहे, तिथली शेपटी वाचवता येईना. 'लेडीज' या शब्दात तुझ्या आईने ती 'एस'च्या आधी काढली होती, आणि बाई म्हणाल्या, इथे पुढे काहीही लिहिलं तरी उपयोग नाही, शब्दच मोडलाय, ती 'एस'च्या पलीकडे जायला हवी. मी म्हणालो, मग ही पाटी तशीच राहील. बाई हो म्हणाल्या. एक शब्द जास्त बोलल्या नाहीत, आणि त्या जास्त बोलल्या नाहीत म्हणूनच मी विचार करत राहिलो. दोन दिवस मी त्या पाटीसमोर उभा होतो. पार्लरवालीने शेवटी बाहेर खुर्ची टाकून दिली. तिसऱ्या दिवशी ट्रेसिंग पेपर घेऊन चढलो, शेपटीवर धरला आणि बारीक पेन्सिलीने तिच्या कडेकडेने फिरलो. सुरुवातीला ब्रश किती दाबला होता, कुठे उचलला, सगळं हाताला कळत होतं. तिचा हात धरल्यासारखं वाटलं, खरंच सांगतो. मग तोच छाप 'एस'च्या पुढे उतरवला, त्यात रंग भरला, आणि मगच जुन्या जागेवर मागचा रंग लावला. चार बोटं सरकली, बस्स. खाली आलो तर रडत होतो, आणि तरी बरं वाटत होतं. बाईंनी रुमाल दिला. म्हणाल्या, कुठे काय गेलं, पेंटर, तिथेच तर आहे.

तो ट्रेसिंग पेपर मी तुझ्यासाठी पाकिटात घातलाय. जपून उघड.

आणखी एक गोष्ट बाईंमुळे कळली. त्यांनी सहज विचारलं, तुमची मुलगी काय करते? मी सांगितलं, पुस्तकांच्या छपाईच्या कचेरीत असते, दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढते, इंग्रजीत शाळेत पहिली होती. बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, म्हणजे तिला लहानपणापासून माहीत होतं. तेव्हा माझी ट्यूब पेटली. खारूताई, तू नऊ-दहा वर्षांची असताना आईने नवी पाटी केली की तुला खाली उभं करून विचारायची, कशी झाली गं? आणि तू दरवेळी म्हणायचीस, आई, शेपटी तर फारच छान. तुला शाळेत शिकवलेलं होतं. तुला प्रत्येक पाटी टोचत असणार. तू आईला कधी कळू दिलं नाहीस, मला दिलं नाहीस, ती गेल्यावरही नाही. जगाच्या चुका काढून पोट भरणारी माझी मुलगी, घरची एक चूक वीस वर्षं पोटात ठेवून बसली. मी तुला याबद्दल कधी काही म्हणालो नाही कारण मला माहीतच नव्हतं. आता म्हणतो. शाब्बास.

दारावरून तू इतकी का चिडलीस, तेही मला आता कुठे उमगलं. तू राखत होतीस आणि मी रंग मारून मोकळा झालो. चुकलं माझं. तेव्हा मी फक्त शब्द दिला होता, चूक कबूल केली नव्हती.

आता इथे कसं असतं ते सांगतो. सकाळी फळीवरून दोन कप निघतात. मी रोज दाढी करतो, त्यावरून शिंपी मला बघून शीळ घालतो. खिडकीजवळ मी एक नवी खुंटी ठोकली आहे, छत्री आणि पिशवीसाठी. आईच्या एप्रनच्या खुंटीशेजारी नाही, तशी चांगली तीन हात लांब. बाई आल्या की एप्रनकडे एकदा बघतात, दारातून आत आल्यावर घरच्या मोठ्या माणसाकडे बघावं तसं. एकदा मी स्वयंपाकघरात असताना त्या एप्रनसमोर एकट्याच म्हणत होत्या, तुमच्या शेपट्यांनी मला फार दमवलं हो. मी आत गेलोच नाही. दूध उतू गेलं तरी उभा राहिलो.

राहता राहिली आपली पाटी. कामाच्या खोलीवरची, 'पेंटर्स'. ही तुझ्या जन्माआधीची. ती करताना आमचं भांडण झालं होतं. मला पुढे 'दुकान' हवं होतं, तिला 'घर' हवं होतं, कारण आम्ही मागच्याच खोलीत राहायचो. दोघंही हटेनात. शेवटी ती चढली, शेपटी काढली आणि म्हणाली, बाकीचं नंतर बघू. ते नंतर आलंच नाही. त्या शेपटीवाल्या शब्दापुढे तीन वीत जागा तेव्हापासून मोकळी आहे, तू ती रोज बघत मोठी झालीस. बाईंनी सगळ्या गल्लीला शब्द वाटले, तेव्हा मी म्हणालो, आमच्या पाटीलाही एक द्या. त्या म्हणाल्या, तुमची पाटी व्याकरणाने बरोबर आहे, पेंटर. मी म्हणालो, शिंप्याचीही बरोबर होती. तेव्हा त्यांनी निळी पेन्सिल वहीत घातली आणि म्हणाल्या, ती जागा माझी नाही, मुलीला विचारा.

आणि त्याच दिवशी मी त्यांना दुसरं काहीतरी विचारलं होतं. घड्याळवाल्याच्या वरची खोली सोडून इथे याल का, कायमच्या, रीतसर लग्न करून. कान लाल झाले होते माझे. बाई हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, माझं उत्तर तयार आहे, पण तेही मुलीला विचारल्यावरच सांगेन, आणि फोनवर विचारू नका, फोनवर माणूस वडिलांचा आवाज ऐकून घाईने हो म्हणून टाकतो. म्हणून हे पत्र. तुला दोन उत्तरं द्यायची आहेत आणि घाई नाही. तू नाही म्हणालीस तर मी रुसणार नाही, बाईंकडे मी शिकवणीला जातच राहीन. पण तू आलीस, तर तो ब्रशचा डबा तू स्वतः उघड आणि आईचा ब्रश माझ्या हातात दे. तीन वीत जागेत बसेल असा कुठलाही शब्द सांग, मी काढतो. शेपटी तुझ्या आईची आहेच, अक्षरं माझी, शब्द तुझा. स्पेलिंगची काळजी करू नकोस. खाली शिडी धरून, डोळे मिटून, बाई उभ्या असतील, तू हो म्हणालीस तर.

तुझ्या पत्राची वाट बघणारा आणि रोज दाढी करणारा,

तुझाच,
बाबा